यादीच्या वरचा सर्च बार लपवावा का? वाचनालयाच्या ॲपमधला अनुभव आणि दोन प्रश्न

जुनी_वही
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयासाठी मी एक अँड्रॉइड ॲप केलं आहे. पैसे घेतले नाहीत, शाळेत असल्यापासून तिथेच वाचत आलो आहे. ॲपमध्ये फार काही नाही. पुस्तकांची यादी दिसते, पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलंय ते कळतं आणि नेलेलं असेल तर नंबर लावता येतो. यादी साधारण नऊ हजार पुस्तकांची आहे, नावांच्या अकारविल्हे क्रमाने.

पहिल्या आवृत्तीत सर्च बार वर कायम होता. नंतर मला वाटलं, जागा उगाच अडते. मोठमोठ्या ॲपमध्ये यादी उघडली की सर्च बार दिसत नाही, यादी खाली ओढली की तो वरून येतो. मीही तेच केलं. सर्च बार रिसायकलरव्ह्यूचा (अँड्रॉइडमध्ये लांब यादी दाखवणाऱ्या घटकाचा) पहिला आयटम केला आणि स्क्रीन उघडताना यादी 'स्क्रोलटूपोझिशनविथऑफसेट' वापरून थेट दुसऱ्या आयटमवर नेली. दिसायला खरंच सुंदर झालं. स्क्रीन उघडली की सगळी पुस्तकंच पुस्तकं.

चार दिवसांनी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अहो, लोक विचारतायत शोधायचं कुठे म्हणून. आधी होतं ना वर?" मी सांगितलं, यादी खाली ओढायची. त्या म्हणाल्या, "मी किती जणांना सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन बसलो. एक निवृत्त गुरुजी आले, त्यांना एक पुस्तक हवं होतं, नाव 'स'ने सुरू होणारं. त्यांनी ॲप उघडलं आणि अंगठ्याने यादी वर सरकवायला सुरुवात केली. अ, आ, इ... मी काही बोललो नाही. 'क'पर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, "हे असंच 'स'पर्यंत जायचं का?" मी त्यांच्या हातातला फोन घेतला, वरपर्यंत गेलो, यादी खाली ओढून दाखवली. त्यांनी स्वतः करून बघितलं, तर जरा जास्त ओढलं गेलं आणि यादी रिफ्रेश व्हायला लागली, कारण पुल टू रिफ्रेशही मी त्याच जागी ठेवलं होतं. गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत ते म्हणाले, "आता काय झालं? मी काही बिघडवलं का?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

आता माझे प्रश्न.

पहिला: सर्च बार लपवण्याची अशी काही पद्धत आहे का, की जागाही वाचेल आणि गुरुजींसारख्या माणसाला तो सापडेलही? की लपवूच नये?

दुसरा तांत्रिक आहे. मधल्या काळात मी दुसरा प्रयोग केला. बार यादीबाहेर काढून वर ठेवला, खाली स्क्रोल केलं की त्याची उंची शून्य आणि वर आलं की पूर्ववत. मोठ्या यादीत चाललं. पण विषय निवडून यादी लहान झाली, म्हणजे दहा-अकरा पुस्तकं उरली, की बार फडफडायला लागतो. दिसतो, जातो, दिसतो, जातो, बोट उचललं तरी थांबत नाही. हे का होतं?

--

तांबडी_माती
शनिवार, रात्री ११:०२

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण हे मी स्वतः दोन रात्री जागून शोधलेलं आहे.

तुमची दहा-अकरा पुस्तकांची यादी स्क्रीनपेक्षा अगदी थोडी मोठी आहे. तुम्ही थोडं स्क्रोल केलं, कोडने बारची उंची शून्य केली. बारची जागा यादीला मिळाली, म्हणजे यादीची चौकट तेवढी उंच झाली. आता सगळी पुस्तकं चौकटीत मावली, स्क्रोल करायला काही उरलंच नाही, म्हणून यादी आपोआप शून्यावर आली. तुमच्या कोडला वाटलं माणूस वर आला, त्याने बार दाखवला. चौकट पुन्हा लहान झाली. यादी पुन्हा थोडी मोठी ठरली. फेरा सुरू. बोटाचा इथे काही संबंधच नाही, मांडणीच स्वतःला हलवते आहे.

उपाय: उंचीला हात लावू नका. बार यादीच्या वर तरंगता ठेवा, यादीला वरून बारएवढं पॅडिंग (मोकळी जागा) द्या, 'क्लिपटूपॅडिंग' फॉल्स करा म्हणजे स्क्रोल करताना ओळी त्या जागेतही दिसतील, आणि बार लपवताना फक्त 'ट्रान्सलेशनवाय' (बार वर-खाली सरकवणारा आकडा) बदला. चौकट तेवढीच राहते, त्यामुळे फेरा सुरूच होत नाही. शिवाय उंची बदलली की प्रत्येक फ्रेमला अख्खी मांडणी नव्याने मोजली जाते, स्वस्त फोनवर ते अडखळताना दिसतं. ट्रान्सलेशनला ती मोजणी लागत नाही.

खरं तर हे हाताने लिहायचीच गरज नाही. कोऑर्डिनेटरलेआउट आणि ॲपबारलेआउट हे अँड्रॉइडचे तयार घटक २०१५ पासून याच कामासाठी आहेत. बारला 'स्क्रोलफ्लॅग्स'मध्ये 'स्क्रोल', 'एंटरऑलवेज' आणि 'स्नॅप' द्या, यादीला ॲपबारचं स्क्रोलिंग बिहेवियर लावा. 'स्क्रोल' विसरलात तर बाकीच्यांचा काही उपयोग नाही. 'एंटरऑलवेज'मुळे माणूस यादीत कुठेही असो, बोट थोडं खाली ओढलं की बार लगेच येतो, थेट वरपर्यंत जावं लागत नाही. 'स्नॅप'मुळे तो अर्धवट लोंबकळत नाही, एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण जातो.

--

पैलतीर
रविवार, सकाळी ६:४०

मी आयफोनवर काम करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. जुनी_वही, तुम्ही ज्या पद्धतीची नक्कल केलीत ती मुळात आयफोनवर रुजली. पूर्वी आम्ही सर्च बार टेबलचा हेडर करायचो आणि 'कन्टेन्टऑफसेट', म्हणजे यादी किती सरकवून उघडायची तो आकडा, ४४ ठेवायचो, कारण बारची उंची ४४ पॉइंट होती. कितीतरी कोडमध्ये हा ४४ आकडा जसाच्या तसा लिहिलेला होता. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं, बार ५६ चा झाला, आणि त्या सगळ्या ॲपमध्ये बारचा खालचा काठ वर डोकावायला लागला. मला सकाळी सकाळी फोन आलेला आठवतो.

त्याच आयओएस ११ पासून सर्च कंट्रोलर थेट नॅव्हिगेशन आयटमला लावता येतो आणि 'हाइड्स सर्च बार व्हेन स्क्रोलिंग' नावाचा एक गुणधर्म मिळतो. तो मुळातच ट्रू असतो. म्हणजे काही केलं नाही तर बार लपणार. बऱ्याच ॲपमध्ये बार लपलेला असतो तो कुणी विचार करून लपवला म्हणून नव्हे, कुणी तो फॉल्स केला नाही म्हणून. आपण मात्र ते बघून धरतो की यामागे मोठा अभ्यास असणार.

स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलची स्क्रीन मांडायची नवी पद्धत) २०२१ पासून 'सर्चेबल' आहे. तिथे जागा 'नॅव्हिगेशनबार ड्रॉवर' आणि डिस्प्ले मोड 'ऑलवेज' दिला की बार जागचा हलत नाही. आयफोनची आवृत्ती कराल तेव्हा एवढी एकच ओळ लक्षात ठेवा.

--

चांदणवेल
रविवार, सकाळी ९:२५

मी डिझाइन करते. पहिल्या प्रश्नावर मला मनापासून बोलायचं आहे.

जुनी_वही, आधी हिशोब करा. सर्च बार ५६ डीपीचा (डीपी म्हणजे अँड्रॉइडवर मापायचं एकक). तुमची पुस्तकाची ओळ, म्हणजे नाव, लेखक आणि आत-बाहेरची खूण, कमीत कमी ७२ डीपीची असणार. बार लपवून तुम्हाला एक पूर्ण पुस्तकसुद्धा जास्त दिसत नाही. पाऊण ओळ मिळते. त्या पाऊण ओळीसाठी तुम्ही गुरुजींना 'क'पर्यंत चालवलंत.

दुसरं, लोक यादीकडे कशासाठी येतात ते बघा. बातम्या किंवा मित्रांचे फोटो माणूस चाळायला येतो, शोध त्याला क्वचित लागतो. तिथे बार मागे गेला तर कुणाचं अडत नाही. चॅटची यादी घ्या, आपल्याला हवा असलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या दहांत असतो. पण नऊ हजार पुस्तकांची अकारविल्हे यादी कोण चाळतं? तिथे माणूस मनात नाव घेऊनच येतो. शोध हेच दार आहे, आणि दार भिंतीत लपवायचं नसतं.

ॲपलचंच उदाहरण बघा. २०१३ मध्ये आयओएस ७ मध्ये होम स्क्रीनवरचा शोध खाली ओढण्यात गेला. स्क्रीनवर त्याची काही खूण नाही, ज्याला माहीत त्याला माहीत. २०२२ मध्ये आयओएस १६ आलं तेव्हा डॉकच्या वर, पानांचे ठिपके असायचे तिथे, 'सर्च' असं लिहिलेलं बटण आलं. ओढण्याची खूण अजून चालते, पण शब्द डोळ्यांसमोर आला. नऊ वर्षं लागली त्याला.

माझी आई गेली कित्येक वर्षं स्मार्टफोन वापरते. तिला 'ओढून बघ' हे कधी सुचत नाही. जे दिसतं तेच आहे असं ती धरते, आणि तिचं बरोबर आहे.

--

तांबडी_माती
रविवार, सकाळी १०:१०

चांदणवेल, वाचनालयाच्या यादीपुरतं पटलं. पण सरसकट नको. माझ्याकडे शेतमालाच्या भावांचं एक ॲप आहे. तिथे माणूस आपला बाजार निवडतो आणि मग खाली खाली वाचत जातो, शिवाय आडव्या फोनवर उभी जागा जेमतेम साडेतीनशे डीपी उरते. वर ॲपबार, त्याखाली टॅब, त्याखाली सर्च बार असं तिन्ही ठेवलं तर भाव बघायला अर्धा स्क्रीन उरतो. तिथे मी लपवतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण बोट जरासं उलटं फिरवलं की तो परत येतो.

माझं म्हणणं इतकंच, 'लपवणं' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडतानाच लपलेला बार आणि वाचताना बाजूला होणारा बार. पहिल्यात माणसाला तो आहे हेच कळत नाही. दुसऱ्यात त्याने तो जाताना पाहिलेला असतो.

--

चांदणवेल
रविवार, सकाळी १०:३२

हो, हा फरक मान्य. डोळ्यांदेखत वर गेलेली गोष्ट माणूस वरच शोधतो.

--

खडीसाखर
रविवार, दुपारी १:१८

मी नुकतीच फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप करायचं साधन) शिकायला लागलेय. त्यात 'स्लिव्हरॲपबार'ला 'स्नॅप' ट्रू केलं तर ॲप लाल स्क्रीन दाखवतंय. वरचं वाचून तेच करायला गेले होते. काय चुकतंय?

--

बोरीबंदर
रविवार, दुपारी २:०५

खडीसाखर, 'स्नॅप'बरोबर 'फ्लोटिंग'सुद्धा ट्रू लागतं. लाल स्क्रीनवरचा मजकूर नीट वाचा, त्यात तेच लिहिलेलं असतं. 'फ्लोटिंग' म्हणजे तांबडी_माती यांनी सांगितलेलं 'एंटरऑलवेज'. 'पिन्ड' ट्रू केलंत तर बार जाणारच नाही. आणि 'नेस्टेडस्क्रोलव्ह्यू'मध्ये वापरत असाल तर 'फ्लोटहेडरस्लिव्हर्स' विसरू नका, नाहीतर बार यादीच्या वरच्या टोकाशी गेल्यावरच येतो आणि फ्लोटिंगचा मुद्दाच राहत नाही.

मी रिॲक्ट नेटिव्हवाला, तेही फ्लटरसारखंच एक साधन. आमच्याकडे 'डिफक्लॅम्प' वापरतात. स्क्रोलमधला फरक शून्य आणि बारची उंची यांच्यामध्ये धरून ठेवायचा आणि तेवढा बार वर सरकवायचा. नेटिव्ह ड्रायव्हर चालू असेल तर सरकवणं आणि पारदर्शकता चालते, उंची बदलता येत नाही. त्यामुळे जुनी_वहींची फडफड आमच्याकडे आपोआप टळते.

पण आयफोनवर एक जागा अशी आहे जिथे हमखास फसायला होतं. यादीच्या शेवटी जोरात स्क्रोल केलं की ती रबरासारखी ताणते आणि परत येते. परत येतानाची ती हालचाल कोडला उलट्या दिशेची स्क्रोल वाटते. मग माणसाने काही न करता तळाशी पोचल्यावर बार वरून खाली उतरतो. वरच्या टोकालाही तसंच, तिथे आकडे उणे होतात आणि बार एकदम उडी मारतो. म्हणून स्क्रोलचा आकडा डिफक्लॅम्पकडे देण्याआधी तो शून्य ते यादीचा शेवट एवढ्यातच बांधून घ्यायचा.

अजून एक. बोट धरून वाचणाऱ्या माणसाचा अंगठा कधीच पूर्ण स्थिर नसतो, एक-दोन पिक्सेल मागेपुढे होतात. तेवढ्याने बार हलला तर डोळ्यांना त्रास होतो. मी उलट दिशेने थोडं अंतर साठू देतो, आठ-दहा डीपी, मगच बार हलवतो.

--

अंतर्नाद
रविवार, सायंकाळी ७:५०

मला दिसत नाही. फोन टॉकबॅकवर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरतो. सगळे जागेबद्दल बोलत आहेत, म्हणून माझ्या बाजूने काय होतं ते सांगतो.

मी यादीत एका बोटाने उजवीकडे फटकारत जातो, एका फटकाऱ्याला एक पुस्तक ऐकू येतं. समजा मी चाळिसाव्या पुस्तकावर आहे आणि मला शोधायचं आहे. सर्च बार यादीचा पहिला आयटम असेल, तर मला चाळीस वेळा डावीकडे फटकारत जावं लागतं किंवा दोन बोटांनी यादी ओढत वर जाऊन मग बोटाने स्क्रीन चाचपावी लागते. 'बोट जरासं उलटं फिरवलं की येतो' हे डोळस माणसाचं सोपं आहे. मला तो आला हे कळतच नाही, कारण फोन ते बोलत नाही.

उलटही होतं. काही ॲपमध्ये बार नुसता वर सरकवलेला असतो, दिसत नाही पण जागचा गेलेलाही नसतो. मी फटकारत जाताना फोकस त्यावर जातो, फोन 'शोधा, संपादन चौकट' असं म्हणतो. मी दोनदा टॅप करतो. शेजारी बसलेला डोळस मित्र म्हणतो, अरे स्क्रीनवर तर काहीच नाही. कीबोर्ड उघडतो, मी टाइप करतो, ते कुठे जातंय ते त्याला दिसत नाही.

जुनी_वही, तुमच्या वाचनालयात ऐकण्याची पुस्तकं असतील तर माझ्यासारखे लोक नक्की येत असतील. बार वर कायम ठेवलात तर एक सोय अशी होते की मी बोट स्क्रीनच्या वरच्या भागात ठेवतो आणि तो तिथेच असतो. रोज तिथेच.

--

तांबडी_माती
रविवार, रात्री ८:३०

अंतर्नाद, हे माझ्या भावांच्या ॲपमध्ये आजच बघतो. मी कधी टॉकबॅक चालू करून ते वापरलेलं नाही.

कोडवाल्यांसाठी: अँड्रॉइडवर ॲक्सेसिबिलिटीमॅनेजरला 'टच एक्स्प्लोरेशन' (टॉकबॅकसारखं बोटाखालचं बोलून दाखवणं) चालू आहे का ते विचारता येतं. चालू असेल तर बार लपवायचाच नाही, एवढी एक अट घालायची.

--

पैलतीर
सोमवार, सकाळी ६:१५

आयफोनवर 'इज व्हॉइसओव्हर रनिंग' आहे (व्हॉइसओव्हर म्हणजे आमचं टॉकबॅक), फ्लटरमध्ये 'मीडियाक्वेरी'त 'ॲक्सेसिबल नॅव्हिगेशन'. आणि वेब सामग्री अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांच्या यादीत, ऑक्टोबर २०२३ पासून, फोकस आलेला घटक दुसऱ्या कशाखाली पूर्ण झाकला जाऊ नये असा निकष आला आहे. तरंगत्या बारला तो उलट बाजूनेही लागतो: बार तरंगत असेल तर त्याच्याखाली पहिलं पुस्तक झाकलं जात नाही ना ते बघा.

जागेचा अजून एक तोडगा म्हणजे बार खालीच न्यायचा, अंगठ्याजवळ. आयफोनच्या सफारी ब्राउझरने २०२१ मध्ये पत्त्याची पट्टी खाली आणली, तेव्हा पुष्कळ लोक चिडले होते, म्हणून वर ठेवण्याचा पर्याय दिला. आता आयओएस २६ मध्ये आयफोनवर सर्च बऱ्याच ठिकाणी तळाशी गेला आहे. पण तुमच्या वाचकांना एकदा वर दाखवलेला आहे, तो आता पुन्हा हलवू नका असं मला वाटतं.

--

चांदणवेल
सोमवार, सकाळी ९:४५

एक राहिलं. बार लपवा नाहीतर ठेवा, त्यात काही लिहिलेलं असताना तो कधीच लपवू नका. माणूस 'शिवाजी' शोधतो, खाली स्क्रोल करतो, बार जातो. फोन खिशात. दुपारी परत उघडतो, समोर बारा पुस्तकं. त्याला वाटतं वाचनालयात एवढीच पुस्तकं उरली. शोध चालू आहे हे सांगणारी एकमेव गोष्ट आपण वर ढकललेली असते.

--

जुनी_वही
गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस त्यावरच बसलो होतो.

बार आता वर कायम आहे, हलत नाही. आधी नुसतं भिंगाचं चित्र होतं, ते काढून त्यात शब्द लिहिले, 'पुस्तक किंवा लेखक शोधा'. पुल टू रिफ्रेश काढून टाकलं, त्याऐवजी यादी ॲप उघडताना आणि परत पुढे आणताना स्वतःच ताजी होते. जागा हवी होती ती दुसरीकडून काढली: वर वाचनालयाचं नाव दोन ओळींत होतं, ते एका ओळीत आणलं. बारपेक्षा जास्त जागा तिथेच निघाली.

अंतर्नाद, तुमचा प्रतिसाद वाचून मी डोळ्यांवर रुमाल बांधून टॉकबॅकवर ॲप वापरून बघितलं. पुस्तकाच्या ओळीवर फोन नाव, लेखक आणि 'चित्र' असं तीन वेगवेगळ्या फटकाऱ्यांत सांगत होता. चित्र म्हणजे आत-बाहेरची खूण, म्हणजे सगळ्यात महत्त्वाची गोष्टच कळत नव्हती. आता एका ओळीला एकच वाक्य येतं: नाव, लेखक, 'उपलब्ध' किंवा 'बाहेर'. ऐकण्याची पुस्तकं आहेत, एका कपाटात सीडी आहेत, त्याही यादीत घेतो आहे.

एक नवी अडचण निघाली. गुरुजींच्या फोनवर अक्षरं खूप मोठी करून ठेवलेली आहेत. त्यावर बारमधल्या 'किंवा'ची वेलांटी वरून कापली जाते आणि 'पुस्तक'चा उकार खालून. माझ्या फोनवर व्यवस्थित आहे. बारची उंची मी ४८ डीपी दिली आहे.

--

तांबडी_माती
गुरुवार, रात्री ९:५२

४८ ही ठरावीक उंची न देता किमान उंची द्या आणि उंची 'रॅप कन्टेन्ट', म्हणजे मजकुराएवढी, करा. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत मोठी करता येतात, ठरावीक उंचीत ती मावणार नाहीत. आणि टेक्स्टव्ह्यूवर 'इन्क्लूडफॉन्टपॅडिंग' (अक्षरांच्या वर-खालची जास्तीची जागा) फॉल्स केलं असेल तर ते काढा. इंग्रजी अक्षरांना ते चालून जातं, आपल्या रफार-वेलांटीला वरची जागा लागतेच.

--

जुनी_वही
शुक्रवार, दुपारी १२:४०

'इन्क्लूडफॉन्टपॅडिंग' फॉल्सच होतं, कुठून तरी उचललेल्या कोडमध्ये आलं असावं. काढलं, उंचीही बदलली. आत्ता वाचनालयातूनच लिहितोय. गुरुजींच्या फोनवर नवी आवृत्ती टाकली. त्यांनी बारवर बोट ठेवलं, 'स' लिहिला, पुढची दोन अक्षरं लिहिली आणि पुस्तक समोर आलं. बाहेर गेलेलं आहे, त्यांचा नंबर तिसरा लागलाय.